रात्री कॅमेरे जातात, दिवसा टॅली अडकतं – कारखान्यात केबल कुठली टाकू?

टॉवेलवाला_४१३

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, लई मोठा नाही. पुढं ऑफिस, मागं पत्र्याच्या शेडात लूम आणि कंपाउंडच्या पार टोकाला गोडाऊन. ऑफिसात ९ कॉम्प्युटर, शेडात सुपरवायझरचा १, गोडाऊनला डिस्पॅचचे २, कॅमेरे सगळे मिळून ८. चार वर्षांमागं एका पोरानं सगळं वायरिंग करून दिलं, आता त्याचा फोन लागत नाही, लागला तर "उद्या येतो मालक".

त्रास असा की शेडातले दोन कॅमेरे दिवसभर झक्क चालतात आणि संध्याकाळी सातच्या पुढं बंद पडलालेत, परत चालू, परत बंद, सकाळी उजाडलं की आपोआप नीट. वॉचमन म्हणतो शेडात काहीतरी आहे. कॅमेरेवाल्यानं दोन्ही कॅमेरे बदलून दिले तरी तेच. कॅमेऱ्याला वेगळी लाईट नेलेली नाही, त्याच नेटच्या केबलमधनं करंट जातो, ऑफिसात १२ व्होल्टचे अडॅप्टर लावलेत.

दुसरं म्हणजे अकाउंट्सच्या टेबलावर टॅली अडकतं, महिनाअखेरीला तर विचारूच नका. जुना नेटचा स्विच (सगळ्या केबली येऊन लागतात तो डबा) काढून गिगाबिटचा, म्हणजे १००० च्या स्पीडचा आणला, फरक शून्य. कॉम्प्युटरवर बघितलं तर स्पीड १०० च दाखवतं.

आता एकानं कोटेशन दिलंय, सगळीकडं कॅट सेव्हन जातीची केबल टाकायची म्हणे. आकडा बघून अप्पांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, वायर म्हणजे वायर, त्यात काय बदलायचंय. मला त्यातलं कळत नाही पण अप्पांना उत्तर द्यायचंय. कुठली केबल घेऊ, कशी टाकून घेऊ, काय बघून घेऊ?

नेटवाला_जुळेसोलापूर

कॅट सेव्हनच टाका सर. एकदाच खर्च, पुढची वीस वर्षं बघायचं काम नाही.

हुरडापार्टी

केबलच्या भानगडीत पडताय कशाला ओ, दोन चांगले वायफाय लावा आणि मोकळे व्हा.

वायरमन_बाळीवेस

वायफायवर कॅमेऱ्याला करंट कुठनं देणार बे, हवेतनं?

टॉवेलवाले मालक, आधी काही विकत घेऊ नका, कोटेशन बाजूला सारलं ते अप्पांनी बरोबर केलं, पण वायर म्हणजे वायर हे मात्र त्यांचं चुकलं. तुम्ही सुतातली माणसं, तुम्हाला पीळ काय असतो ते मी सांगायचं म्हणजे अवघडच आहे. या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो, आणि तो पीळ चारही जोड्यांचा वेगवेगळा असतो, एकीचा घट्ट एकीचा सैल. सुताला पीळ देतात मजबुतीसाठी, इथं देतात ते बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखा पडून आपसात कटावा म्हणून आणि शेजारच्या जोडीची कुजबुज हिच्यात येऊ नये म्हणून. ही युक्ती काही कॉम्प्युटरवाल्यांची नाही, टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ साली पीळ दिलेल्या जोडीचं पेटंट घेतलंय. तर पीळ उलगडला की माल गेला, एवढं अप्पांना सांगा, त्यांना लगेच पटेल.

तारेच्या गेजचं पण तुमच्या सुताच्या काउंटसारखंच आहे. आकडा जास्त तेवढी तार बारीक. कॅट सिक्सला बहुतेक २३ गेज येतं, कॅट फाइव्ह ई ला २४. बाजारात कॅट सिक्स असं छापून २६ गेज विकणारे पण आहेत, पॅच कॉर्डला, म्हणजे बॉक्सपासनं कॉम्प्युटरपर्यंतच्या छोट्या वायरीला ते चालतं, भिंतीतनं न्यायला नाही.

आता तुमचं भूत. रात्री सातला भूत येत नाही, अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवे लागले की करंट दुप्पट ओढतो, आणि केबल हलकी असली की तेवढा करंट पोचेपर्यंत व्होल्टेज मधेच खाल्लं जातं, कॅमेरा मान टाकतो, दिवे विझतात, भार कमी झाला की परत उठतो, परत दिवे लावतो. रात्रभर हाच खेळ. कॅमेरे बदलून काय होणार. मला वाटतं तुमच्याकडं कॉपर कोटेड टाकलंय, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरनं तांब्याचा मुलामा.

उद्या दोन गोष्टी करा. एक, केबलचं टोक सोलून एका तारेला ब्लेडनं खरवडा. आत पांढरं चमकलं तर ॲल्युमिनियम, खोलवर लाल दिसलं तर तांबं. कापलेल्या टोकाकडं नुसतं बघून फसू नका, कटरच्या पात्यानं मुलामा टोकावर ओढला जातो. लोहचुंबक लावून बघतात काही लोक, त्याचा इथं उपयोग नाही, तांबंही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमही.

दोन, मल्टिमीटर. कॅमेऱ्याकडचं आणि ऑफिसकडचं दोन्ही टोक सोडवा, अडॅप्टर काढायला विसरू नका. तिकडं निळ्या जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाका, इकडं त्याच दोन तारांत ओहम बघा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा आधी बघून वजा करा. लांबी मोजायला टेप नको, केबलच्या अंगावर मीटर छापलेले असतात, दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की झालं. चांगलं २४ गेज तांबं असेल तर १०० मीटरला जाऊन-येऊन १७ ओहमच्या आसपास येतं, स्टँडर्डमध्ये वरची मर्यादा पावणेएकोणीसच्या जवळ आहे. त्याच्यावर गेलं की केबल पास नाही, मग अंगावर कॅट सिक्स लिहिलेलं असो नाहीतर कॅट साठ.

आकडे इथं टाका. मंग बोलू.

टॉवेलवाला_४१३

अण्णा, केलं. ऑफिसच्या टोकाला आकडा २१२, कॅमेऱ्याकडं २५३, म्हणजे ४१ मीटर. ओहम आले ११.२, मीटरच्या वायरी वजा करूनच. आणि खरवडल्यावर आत पांढरं. फोटो टाकता येईना इथं पण ॲल्युमिनियमच्या भांड्याच्या कडेसारखं दिसतं बघा अगदी.

एक तार सोलताना नुसती वाकवली तर तुटलीच पटकन.

अजून एक सापडलं. अकाउंट्सच्या टेबलाखालचा बॉक्स उघडला. एकच केबल आलीय भिंतीतनं आणि त्यातनं दोन कॉम्प्युटरला कनेक्शन काढलंय. नारिंगी-हिरवा एकाला, निळा-तपकिरी दुसऱ्याला. हे चालतं का असं?

वायरमन_बाळीवेस

हाय की. त्या पोरानं एका केबलचे पैसे वाचवले आणि दोन केबलचे लावले असणार.

ऐका. १०० च्या स्पीडला चारपैकी दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना. म्हणून एका केबलमधनं दोन कॉम्प्युटर चालतात, नाही असं नाही. गिगाबिटला मात्र चारही जोड्या पाहिजेत. म्हणून स्विच कितीही भारी आणा, त्या टेबलावर १०० च दाखवणार. बाकीच्या टेबलांवर पण १०० दाखवत असेल तर तिथं एखादी निळी नाहीतर तपकिरी तार तुटलेली असणार, तुम्ही वाकवल्यावर तुटली तशीच. एक तार गेली तरी कॉम्प्युटर तक्रार करत नाही, गुपचूप १०० वर उतरतो, आणि मालकाला वाटतं नेट स्लो आहे.

पण खरं सांगायचं तर टॅली १०० वर पण पळतं. तुमचं अडकतं ते स्पीडमुळं नाही, वाटेत माल सांडतोय म्हणून. त्या टेबलावरनं सर्व्हरला पिंग (सर्व्हर उत्तर देतो का बघायची कमांड) लावून तासभर सोडा, मधेमधे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं की समजा. बॉक्समध्ये तारा किती लांब उलगडल्यात बघा बरं, माझा अंदाज दोन-तीन इंच. उलगडायला परवानगी आहे ती अर्धा इंच, १३ मिलिमीटर, बास.

कॅमेऱ्याचा हिशोब आता सरळ आहे. नेटच्या केबलमध्ये करंट घालायचा-काढायचा जो जोड असतो, त्या स्प्लिटरमध्ये ४-५ मिळून प्लस आणि ७-८ मिळून मायनस जातो, दोन-दोन तारा जोडल्यात म्हणून ११.२ चे झाले ५.६ ओहम. दिवसा कॅमेरा ०.३ अँपिअर धरा, पावणेदोन व्होल्ट वाटेत गेले, दहाच्या वर पोचले, चालतो. रात्री ०.६ धरा, ३.४ व्होल्ट गेले, ८.६ उरले. मेला. त्यात परत व्होल्टेज कमी पडलं की कॅमेरा करंट अजून जास्त ओढायला बघतो, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. चांगलं तांबं असतं तरी दहाच्या आसपासच पोचलं असतं, म्हणजे काठावर. १२ व्होल्ट नेटच्या केबलमधनं एवढं लांब न्यायचं हेच मुळात चूक.

४८ व्होल्टचा खरा पीओई स्विच घ्या, म्हणजे नेटच्या केबलमधनं स्वतःच करंट देणारा. तेवढ्याच वॅटला करंट चौथाई लागतो, मग वाटेत एक व्होल्ट पण जात नाही, आणि गेला तरी ४८ मधनं एक कुणाला कळतंय. फक्त कॅमेऱ्यावर पीओई लिहिलंय का बघा. नसेल तर ४८ घेऊन कॅमेऱ्यापाशी १२ करून देणारा स्प्लिटर मिळतो, तो लावा. साध्या १२ व्होल्टच्या स्प्लिटरसारखाच दिसतो, दुकानात नीट विचारून घ्या.

टॉवेलवाला_४१३

अप्पा आत्ता शेजारीच बसलेत आणि विचारतात की मग नुसता स्विच बदलू, केबल राहू दे तशीच, कॅमेरे चालतील ना?

वायरमन_बाळीवेस

अप्पांना नमस्कार सांगा. चालतील. काही महिने नक्की चालतील. पण ती तार तुम्ही नुसती वाकवली तर तुटली, उद्या स्विचपाशी कुणी केबल हलवली की परत मला फोन. आणि दहा-बारा पीओई केबली एका मुठीत बांधल्या की आत गरम होतात, ॲल्युमिनियमची तार जास्त गरम होते कारण तिचा ओहमच जास्त. स्टँडर्डमध्ये ती बसतच नाही, तिथं तांबंच पाहिजे असं लिहिलंय. ऑफिसातली कोरडी, न हलणारी एखादी लाईन राहू द्या वाटलं तर. शेडातली काढाच.

लॅबवाला_विजापूररोड

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, म्हणून माझं पण थोडं. आमच्याकडं एकदा २० मशीनचं वायरिंग झालं, कंत्राटदारानं समोर टेस्टर लावून दाखवला, एक ते आठ सगळे दिवे ओळीनं लागले, सही घेतली, गेला. दुसऱ्या दिवशी पोरं बसली आणि निम्म्या मशीनवर नेट येईना, आलं तर दहाच्या स्पीडनं. आठ दिवस आम्ही मशीन फॉरमॅट करत बसलो, तेच आठवून अजून लाज वाटते.

शेवटी एक जॅक हातात घेऊन उजेडात धरला. त्या माणसानं रंग बॉक्समध्ये दिसतात तसे ओळीनं लावले होते, नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर खूश, कारण त्याला एवढंच कळतं की इकडची एक नंबरची तार तिकडं एकलाच पोचली. पण ३ आणि ६ नंबरच्या पिना मिळून एक जोडी असते. तिथं याच्या हिशोबानं एक तार हिरव्या जोडीतली आणि एक निळ्या जोडीतली आली. म्हणजे नवरा एका लग्नातला, बायको दुसऱ्या. पीळच नाही त्या दोघींच्यात, मग कुजबुज होणारच.

म्हणून बरोबर क्रम असा, बी पद्धतीचा, आपल्याकडं बहुतेक तोच चालतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारा निळ्याला मधे घेऊन बसतात, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. ए पद्धतीत नारिंगी आणि हिरवा यांची अदलाबदल असते. ए घ्या नाहीतर बी, पण अख्ख्या कारखान्यात एकच.

तो दिव्यांचा टेस्टर फुकट नाही, तुटलेली तार तो दाखवतो. पण एवढ्यावर पैसे सोडू नका. मोठं काम असलं तर फ्लूकसारख्या मशीनवर सर्टिफाय करून प्रत्येक लाईनचा रिपोर्ट मागायचा. छोट्या कामाला निदान प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून १ जीबीपीएस, म्हणजे गिगाबिट दाखवतंय का बघा आणि एखादी मोठी फाईल कॉपी करून बघा.

इलेक्ट्रिकल_बीई

इथं लूमचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. शेडात इतक्या मोटरा आहेत, चालू-बंद होताना केवढा नॉइज, साधी बिनपन्नीची यूटीपी तिथं टिकणार नाही, आत पन्नीचं आवरण असलेली शिल्डेड घ्या.

वायरमन_बाळीवेस

@इलेक्ट्रिकल_बीई शिल्डेड घ्या म्हणणं सोपं आहे सर. अर्थिंग कोण करणार? आतली पन्नी आणि तिला लागून असलेली उघडी ड्रेन वायर धातूच्या जॅकला लागली पाहिजे, जॅक पॅच पॅनेलला (सगळ्या केबली येऊन लागतात ती पट्टी), पॅनेल रॅकच्या कपाटाला आणि रॅक अर्थला. मी बघितलंय तिथं शंभरातल्या नव्वद ठिकाणी शिल्डेड केबल आणि प्लास्टिकचा जॅक. मग ती पन्नी कुठंच जोडलेली नसते, तिचा भरवसा नाही, त्यापेक्षा साधी बरी.

इलेक्ट्रिकल_बीई

नव्वद हा आकडा तुमच्या मनाचा आहे, पण मुद्दा मान्य. अर्थिंग नीट करणार असाल तरच शिल्डेड. आणि दोन इमारतींच्या अर्थमध्ये फरक असला तर शिल्डमधनंच करंट वाहायला लागतो हे पण खरं.

मग निदान अंतर ठेवा. थ्री फेजच्या केबलबरोबर एकाच केसिंग पट्टीत नेटची केबल अजिबात नको, हे मी किती ठिकाणी बघितलंय काय सांगू. समांतर न्यायची तर निदान वीतभर लांबून, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. मोटरला वेग बदलायचा ड्राइव्ह लावलेला असेल तर अजून लांब. लोखंडी पाइपमधनं नेली आणि पाइप अर्थ केला तर निम्मं काम त्यातच होतं, उंदरांचा पण बंदोबस्त होतो.

टॉवेलवाला_४१३

एकाच पट्टीत आहेत. आत्ताच जाऊन बघून आलो. लूमची केबल खाली आणि तिच्यावर नेटची झोपवलीय.

पुण्यातला_सोलापूरकर

नमस्कार, मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात नेटवर्किंगमध्येच आहे. धागा वाचून राहवलं नाही.

कॅट सेव्हनचं आधी मिटवू. कॅट सेव्हन हे आयएसओच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये आहे, ६०० मेगाहर्ट्झचं, पण स्टँडर्ड ठरवणाऱ्या अमेरिकन टीआयए संस्थेनं ते कधी घेतलंच नाही, आणि त्याचा खरा कनेक्टर आपला नेहमीचा आरजे ४५ जॅक नाही. बाजारात कॅट सेव्हन म्हणून साध्या जॅकसकट जे मिळतं ते नावापुरतं. ज्याला खरंच १० गिगाबिट १०० मीटर न्यायचंय त्यानं कॅट सिक्स ए घ्यावं, ५०० मेगाहर्ट्झ. कॅट सिक्स २५० मेगाहर्ट्झचं, त्यावर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जातं, तेही शेजारच्या केबलींची गर्दी नसली तर. आणि १ गिगाबिट तर कॅट फाइव्ह ई वर पण १०० मीटर जातं. टॉवेलच्या कारखान्याला १० गिगाबिट कशाला लागतंय? तांब्याचं कॅट सिक्स घ्या, उरलेल्या पैशात अर्थिंग नीट करा.

दुसरं म्हणजे १०० मीटर हा आकडा सगळे म्हणतात पण त्यात ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि १० मीटर दोन्हीकडच्या पॅच कॉर्डी मिळून असतात. आणि तो आकडा २० डिग्रीचा आहे हो, सोलापूरचा नाही! केबल तापली की सिग्नल जास्त गळतो, २० च्या वर दर डिग्रीला ०.४ टक्के, ४० च्या वर ०.६ टक्के. मे महिन्यात बाहेर ४३ असताना पत्र्याच्या खाली हात लावून बघा, ६० डिग्रीला गळती २० टक्क्यांनी वाढलेली असते. म्हणून पत्र्याला चिकटवून केबल नेऊ नका, भिंतीच्या कडेनं खालून न्या, आणि शेडात ९० मीटरच्या जवळ जाऊच नका, ७०-७५ ला थांबा. आमच्या ओळखीच्या एका गोडाऊनमध्ये रोज दुपारी दोन ते पाच नेट जायचं, सगळे नेटवाल्याला शिव्या घालायचे. केबल पत्र्याखालनं काढून खाली आणली, संपलं.

तुमचं गोडाऊन किती लांब आहे ते लिहिलं नाही तुम्ही.

टॉवेलवाला_४१३

पावलांनी मोजलं तर १२० मीटर भरेल. मधे एक छोटा स्विच लावलाय, पाण्याच्या टाकीच्या खाली, डब्यात. केबल खांबावरनं उघडीच गेलीय. मागच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा तो स्विच, ऑफिसचा एक पोर्ट आणि डिस्पॅचचा कॉम्प्युटर तिन्ही एकदम गेले होते, आम्हाला वाटलं योगायोग.

पुण्यातला_सोलापूरकर

योगायोग नाही. तांब्याची लांब तार उघड्यावर, दोन इमारतींच्या मधे, म्हणजे विजेला आवतणच. वीज थेट पडायला लागत नाही, जवळ पडली तरी तारेत झटका येतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जाळतो. तिथं तांबं नकोच. ऑफिस ते गोडाऊन फायबर, म्हणजे काचेच्या तारेची केबल टाका, दोन्हीकडं मीडिया कन्व्हर्टर (फायबरला नेटची केबल जोडणारा डबा) नाहीतर फायबर थेट लागणारा एसएफपीवाला स्विच. काचेतनं करंट जात नाही आणि १२० मीटर म्हणजे फायबरला काहीच नाही. फक्त केबल घेताना बघा, काहींत स्टीलची चिलखती पट्टी किंवा तार असते, ती आली की परत धातू आलाच, मग ती अर्थ करा नाहीतर बिनधातूची घ्या. टाकीखालचा डबा काढून टाका, पाणी आणि वीज शेजारी ठेवायची हौस कुणाला होती देव जाणे.

शेडात बाहेरच्या बाजूला एखादा कॅमेरा असेल तर तिथं आउटडोअरची काळ्या आवरणाची केबल. घरातली पांढरी-निळी-राखाडी उन्हात दोन उन्हाळ्यांत कडक भाकरीसारखी तडकते.

वायरमन_बाळीवेस

पुणेकर बरोबर बोलतायत, फायबर टाकाच.

आता केबल घेताना. ३०५ मीटरचा बॉक्स येतो, म्हणजे हजार फूट. २३ गेजचं खरं कॅट सिक्स असलं तर आठ तारांचं मिळून नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं, वर प्लास्टिक, जोड्या वेगळ्या ठेवणारा मधला क्रॉस, आवरण वेगळं. अख्खा बॉक्स सात किलोत बसत असेल तर हिशोब तुम्हीच करा, तुमच्याकडं सुताचा काटा आहेच. आणि बॉक्सवर नुसतं 'कॉपर' लिहिलेलं चालत नाही, 'सॉलिड बेअर कॉपर' असं बघा. बिलावर पण तसंच लिहून घ्या. ज्याला बिलावर लिहायचं नाही त्याचा माल घ्यायचा नाही. भाव मी इथं सांगत नाही, तांब्याबरोबर हलतो. पण दोन दुकानांत निम्म्याचा फरक दिसला तर स्वस्तवाल्याकडं ब्लेड घेऊन जा.

टाकताना माणसाच्या डोक्यावर बसा. ओढायचं जोर लावून नाही, ११ किलोच्या वर ताण नको, म्हणजे अर्धी बादली पाणी उचलायला लागतं तेवढाच जोर. पाइपमध्ये अडकली की दोघं मिळून ओढतात आणि आतला पीळ ताणून सरळ होतो, बाहेरनं काही दिसत नाही. कोपऱ्यात घडी घालू नका, गोल वळवा, केबलच्या जाडीच्या चौपट तरी गोलाई, कॅट सिक्सला इंचभर. प्लास्टिकच्या टायनं करकचून आवळायचं नाही, वेल्क्रोची पट्टी वापरा.

भिंतीतली सॉलिड केबल थेट जॅक मारून कॉम्प्युटरला लावू नका. ती भिंतीवरच्या आयओ बॉक्सच्या कीस्टोनवर, म्हणजे सॉकेटवर पंच करा (दाबून बसवा), रॅकमध्ये पॅच पॅनेलवर, आणि तिथनं पुढं तयार पॅच कॉर्ड. सॉलिड तार सारखी हलली की तुटते, पॅच कॉर्डची बारीक धाग्यांची असते, ती हलायलाच केलेली आहे. तुमच्या भाषेत, ताणा वेगळा आणि बाणा वेगळा. दोन्ही टोकांना नंबर घाला, वहीत लिहा, आणि प्रत्येक बॉक्समध्ये हातभर केबल जास्तीची सोडा. आणि एका टेबलाला दोन कॉम्प्युटर असतील तर दोन केबली!

एक राहिलं. शेडात कापसाचं तूस उडतं, ते मोकळ्या पोर्टमध्ये आणि स्विचच्या पंख्यात जाऊन बसतं. शेडातला स्विच बिनपंख्याचा घ्या, बंद डब्यात ठेवा, रिकाम्या पोर्टला टोप्या घाला.

हुरडापार्टी

मी वायफाय म्हटलं ते मागं घेतो.

टॉवेलवाला_४१३

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, मधे ऑर्डर होती.

कॅट सिक्स घेतलं, दुकानात ब्लेड लावून आणि कारखान्यात आणून काट्यावर घालून. दुकानदार आधी चिडला, मग म्हणाला की असं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं. वायरमन वेगळाच मिळाला, अण्णा तुमच्याइतका तयार नाही, पण लॅबवाल्या सरांनी लिहिलेला रंगांचा क्रम मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवला होता आणि प्रत्येक बॉक्स बंद करायच्या आधी बघत होतो. चार ठिकाणी उलगडून इंचभर केलं होतं त्यानं, परत करायला लावलं. शेडात लोखंडी पाइप, लूमच्या केबलच्या समोरच्या भिंतीनं. नवीन निळ्या जोडीचा ओहम बघितला, ४४ मीटरला ६.३, म्हणजे पास.

कॅमेऱ्यांवर पीओई लिहिलेलं निघालं, ४८ चा स्विच लावला. १९ रात्री झाल्या, एकदाही गेले नाहीत. वॉचमन अजून म्हणतो की लिंबू-मिरची बांधली त्या अमावास्येपासनं बंद झालं, त्याला मी काही बोललो नाही. टॅली महिनाअखेरीला चाललं. अकाउंट्सच्या वहिनींनी स्वतःहून सांगितलं, म्हणजे खरंच चाललं असणार.

गोडाऊनचं फायबर एकदाच बंद पडलं. जाऊन बघितलं तर हमालानं मोबाइल चार्ज करायला कन्व्हर्टरची पिन काढली होती. आता तिथं त्याला वेगळा सॉकेट दिलाय.

अप्पा शेवटपर्यंत म्हणत होते की जुनी केबल फेकू नका, तांब्याला भाव आहे, त्यातनं थोडे पैसे निघतील. पोतं भरून ठेवलं होतं. काल भंगारवाला आला, त्यानं पोत्यात हात घातला, एक तुकडा काढला, खिशातनं चाकू काढून दोनदा खरवडला आणि अप्पांकडं बघून म्हणाला, "मालक, हे तांबं न्हवं, ह्याला आलमिनचाच भाव."

अप्पांनी तो तुकडा घेतला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि मला म्हणाले, त्या पोराचा नंबर आहे का अजून तुझ्याकडं.